काठी, सावली आणि परिसर अभ्यास

महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळेत तिसरी ते पाचवीचं विज्ञान ‘परिसर अभ्यास’ या पुस्तकात असतं. ‘सामान्य विज्ञान’ सहावीला येतं. तिसरीचं पुस्तक तर बालभारतीने जिल्ह्यागणिक वेगळं काढलं, म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या मुलाने आधी ठाणे जिल्हा पाहावा. ही मांडणी मला फार शहाणपणाची वाटते. पण पुष्कळ वर्गांत पुस्तक वाचून दाखवलं जातं, प्रश्नोत्तरं फळ्यावरून वहीत उतरतात आणि परिसर खिडकीबाहेरच राहतो. ठाणे जिल्ह्यातल्याच टिटवाळ्यात तर तसं व्हायला काही कारणच नाही. नदी आहे, तलाव आहे, कोकणचा पाऊस आहे, आणि डोक्यावर येणारा सूर्य आहे.

आधी अंदाज, मग प्रयोग

वर्गात पाण्याची बादली ठेवा. शेजारी असोला नारळ, एक नाणं, स्टीलची वाटी आणि खडू मांडा. काहीही पाण्यात टाकण्याआधी प्रत्येक मुलाने वहीत लिहायचं: काय बुडेल, काय तरंगेल, आणि मला असं का वाटतं. टिटवाळ्यासारख्या गणपतीच्या गावातल्या मुलांनी तरंगणारा नारळ पाहिलेला असतो, तरीही बरीच मुलं ‘जड ते बुडतं’ असंच लिहितात. मग नारळ तरंगतो आणि इवलंसं नाणं तळाला जातं. वाटी उपडी न करता अलगद ठेवली तर तरंगते, पाण्याने भरली की बुडते.

इथे बाईंनी किंवा सरांनी लगेच ‘घनता’ हा शब्द सांगू नये. मुलांना भांडू द्यावं. अंदाज लिहिलेला असला की मूल निकालाची खरोखर वाट पाहतं. नुसता प्रयोग दाखवला तर ती फक्त गंमत होते.

मैदानातली एक मीटरची काठी

मला विचाराल तर टिटवाळ्याच्या शाळेने वर्षभर एकच उपक्रम करायचा ठरवला तर तो हा करावा. मैदानात किंवा गच्चीवर, जिथे दुपारी ऊन येतं, तिथे जमिनीच्या वर बरोबर एक मीटर राहील अशी काठी उभी करा. ती सरळ आहे की नाही हे दोऱ्याला दगड बांधून केलेल्या ओळंब्याने पाहा. आठवड्यातून एकदा, बारा ते एकच्या दरम्यान दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा आणि सगळ्यांत आखूड सावली मोजा.

पहिला धक्का घड्याळाचा बसतो. सावली बाराला सगळ्यांत आखूड होत नाही. भारताची वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि टिटवाळा त्याच्या नऊ अंशांहून जास्त पश्चिमेला आहे. त्यामुळे सूर्य इथे माथ्याच्या रेषेवर पोचायला ऋतूप्रमाणे साधारण 12 वाजून 20 मिनिटं ते 12 वाजून 50 मिनिटं होतात.

दुसरा शोध लांबीचा. टिटवाळ्याचा अक्षांश सुमारे 19.3 अंश उत्तर. त्यामुळे 22 डिसेंबरच्या आसपास एक मीटर काठीची आखूड सावलीही जवळपास 92 सेंटीमीटर भरते; मार्च आणि सप्टेंबरच्या 21–23 तारखांना ती 35 सेंटीमीटरच्या आसपास असते. मेच्या मध्यानंतर आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात असे दोन दिवस येतात की काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. पहिला दिवस सुट्टीत जातो आणि दुसऱ्याला बहुधा ढग असतात, म्हणून मेमध्ये घरच्या गच्चीवर बाटली उभी करून पाहायला सांगावं. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर एखादी उघडीप मिळाली तर हे मुलांना दाखवताच येतं.

पृथ्वीचा आस कललेला आहे हे चौथीतल्या मुलाला पाठ करायला लावण्याची घाई नको. त्याच्याकडे स्वतः मोजलेले वर्षभराचे आकडे आणि त्यांचा चौकटीच्या कागदावरचा आलेख असला, की कललेल्या आसाचं चित्र त्याला पुढे कधीतरी उपयोगाचं ठरतं. आकड्यांशिवाय ते नुसतं चित्र असतं.

पाऊस मोजणं

सरळ कडांची, सपाट तळाची बरणी उघड्यावर ठेवायची आणि रोज एकाच वेळी पट्टीने पाणी मोजायचं. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं. शाळेनेही तीच वेळ धरली तर वर्तमानपत्रातल्या आकड्याशी तुलना होते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. सहा बाय आठ मीटरच्या वर्गाच्या छपरावर दहा मिलिमीटर पडला तर 480 लिटर: हे गणित चौथीतलं मूल करतं. मग 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत पडलेला 944 मिलिमीटर पाऊस किती, हे भिंतीवर खडूने रेघ मारून दाखवा.

पावसाळ्यात काळू नदीचं गढूळ पाणी मोठ्या माणसाने बाटलीत भरून आणावं. मुलांना काठावर नेऊ नये. बाटली हलवून ठेवली की आधी रेती, मग बारीक माती खाली बसते; सगळ्यांत बारीक गाळ दुसऱ्या दिवशीही तरंगत असतो. दुसऱ्या बाटलीत तुरटी फिरवून फरक पाहता येतो.

चुकीच्या उत्तराचं काय करायचं

‘झाडं माती खातात’ असं मूल म्हणालं तर त्याला खोडून काढू नका. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट या अभ्यासकाने हीच समजूत तपासायला कुंडीत वाळुंजाचं रोप पाच वर्षं वाढवलं. झाड 70 किलोंहून जास्त वाढलं, माती मात्र काही ग्रॅमच कमी झाली. त्याने निष्कर्ष काढला की झाड फक्त पाण्यातून वाढतं. तेही अर्धवटच होतं. हवेचा वाटा पुढे कळला. हे मुलांना जरूर सांगावं. आणि विचारावं: तुमची समजूत खरी असेल तर कुंडीतल्या मातीचं काय व्हायला हवं?

ज्यांनी हे आधी केलं

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना 1974 ची. तिथे जयश्री रामदास यांनी पहिली ते पाचवीसाठी ‘स्मॉल सायन्स’ ही पुस्तकमाला तयार केली. मिनी आणि अपू ही दोन मुलं त्यात प्रश्न विचारत, करून पाहत पुढे जातात. मध्य प्रदेशात 1972 ला सोळा उच्च प्राथमिक शाळांत सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम तीस वर्षं चालला, आणि 2002 ला सरकारने तो बंद केला, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट. याच कार्यक्रमात कानपूर आयआयटीत शिकलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून भूमितीच्या आकृत्या केल्या. पुढे पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते टाकाऊ वस्तूंची खेळणी करत राहिले. महाग साहित्य नाही ही सबब त्यांनी कायमची मोडीत काढली.

परीक्षा कशी घ्यावी

लेखी पेपरात ‘पर्जन्यमापक म्हणजे काय’ विचारलं तर पाठांतरच होणार. त्याऐवजी मुलाला त्याची वही उघडायला सांगा: तुझी कुठली नोंद चुकली असेल असं वाटतं, ती का, आणि ती पुन्हा तपासायची तर काय करशील? पाच मिनिटांच्या या तोंडी परीक्षेत शिक्षकाला मूल कुठवर आलं आहे ते कळतं. चाळीस मुलांच्या वर्गात रोज दोघा-तिघांना विचारलं तरी महिन्याभरात सगळा वर्ग होतो.