श्वानांतील रक्तपरजीवी : तपासणीच्या पद्धती

‘गोचीड ताप’ हे एकाच रोगाचे नाव नाही. त्यामागे निरनिराळे सूक्ष्मजीव असतात आणि केवळ लक्षणांवरून ते वेगळे ओळखता येत नाहीत.

• रक्तपट : काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून त्याला जिम्सा रंग देतात. यासाठी कानाच्या टोकाला टोचून घेतलेले रक्त उपयुक्त ठरते, कारण बबेसिया या एकपेशीय परजीवीने ग्रासलेल्या तांबड्या पेशी केशवाहिन्यांत अधिक साचतात. पेशीत थेंबाच्या आकाराची मोठी जोडी दिसल्यास भारतात ती बहुधा बबेसिया व्होगेलीची असते. लहान, अंगठीसारखी रूपे बबेसिया गिब्सोनीची असून, या जातीचे वर्णन पॅटन यांनी १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तावरून केले. पट निर्दोष आला, तरी संसर्ग नाही असे ठरत नाही.

• एर्लिकिया कॅनिस : हा खरे तर पांढऱ्या पेशींत वाढणारा जिवाणू, पण वाहक गोचीडच असल्याने त्याची तपासणी सोबतच होते.

• हृदयकृमी : हा मात्र डासांमार्फत पसरतो. नॉट पद्धतीत १ मिलिलिटर रक्तात २ टक्के फॉर्मॅलिनचे ९ मिलिलिटर द्रावण मिसळून तांबड्या पेशी फोडतात व खाली बसलेल्या गाळात सूक्ष्म अळ्या शोधतात. प्रतिजन चाचणी प्रौढ मादीचे प्रथिन ओळखत असल्याने संसर्गानंतरचे पहिले सुमारे पाच-सहा महिने ती नकारार्थी येऊ शकते.

• प्रतिपिंड चाचणी : शरीराने रोगजंतूला दिलेला प्रतिसाद मोजते, म्हणून उपचारांनंतरही ती कित्येक महिने होकारार्थी राहू शकते.

• पीसीआर : रोगजंतूचा डीएनए शोधून नेमकी जात सांगते.