कंबर दुखते, मग व्यायाम पोटाचा का? समजून घ्या

येरमाळा : येडेश्वरी देवीच्या डोंगरावर चढताना किंवा सोयाबीनचे पोते उचलताना जोर हातापायांत दिसतो. कंबर सांभाळण्याचे मोठे काम मात्र पोटाच्या आतले, न दिसणारे स्नायू करतात.

कोणते स्नायू?
पोटाभोवती पट्ट्यासारखा गुंडाळलेला ‘ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस’, मणक्यांलगतचा ‘मल्टिफिडस’, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. हे चौघे एकत्र आवळले की पोटातील दाब वाढतो आणि मणक्यांना आधार मिळतो.

बिघडते कुठे?
ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवले की, निरोगी माणसाने हात उचलण्याआधीच हा पट्टा आवळला जातो. कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा आवळला गेला. म्हणजे प्रश्न केवळ ताकदीचा नाही, वेळेचाही आहे.

व्यायाम कसा करायचा?
१. पाठीवर झोपून गुडघे वाकवा. श्वास सोडताना बेंबी हलकेच आत घ्या. श्वास न रोखता १० सेकंद थांबा. असे १० वेळा करा.
२. हे जमले की हात-गुडघ्यांवर या. पोट तसेच ठेवून उजवा हात आणि डावा पाय सरळ करा. मग बाजू बदला.

एवढ्याने भागते?
जुन्या कंबरदुखीत चालण्यासारखा नियमित व्यायामही दीर्घकाळात जवळपास तितकाच उपयोगी ठरतो. सातत्य महत्त्वाचे. पाय बधिर पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर व्यायाम थांबवून तातडीने डॉक्टरांकडे जा.