नेम रिकाम्या जागेवर

तबकडीवर अचूक नेम धरून चाप ओढला, तर ती बहुधा हुकते. नेमबाजीच्या स्कीट प्रकारात नेमबाजासमोरून आडवी जाणारी तबकडी सेकंदाला वीस मीटरहून अधिक अंतर कापते. साधारण तेवढ्याच अंतरावरच्या तबकडीपर्यंत पोचायला बंदुकीच्या छर्‍यांना सेकंदाचा सतरावा-अठरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात 11 सेंटिमीटर व्यासाची ही तबकडी मीटरभराहून पुढे सरकलेली असते. म्हणजे नेम धरायचा तो तबकडी अजून पोचलेलीच नाही अशा रिकाम्या जागेवर. या खेळात कस लागतो तो नजरेच्या तीक्ष्णपणापेक्षा गतीचा अंदाज बांधण्याचा.

काडतुसातून शेकडो छर्रे सुटतात, मग एखादा लागणारच, असा आक्षेप नेहमीचा. पण तेवढ्या अंतरावर छर्‍यांचा झोत जेमतेम पाऊण-एक मीटर रुंद होतो. म्हणजे अर्ध्या मीटरची चूक तो फार तर पोटात घालेल, त्याहून मोठी नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: स्कीटमध्ये तबकडीचा मार्ग ठरलेला, तेव्हा ही निव्वळ घोकंपट्टी. मार्ग ठरलेला असतो हे खरेच. मात्र उभे राहण्याच्या आठ जागांवरून कोन बदलतात आणि त्यांबरोबर पुढावाही, म्हणजे नेम तबकडीच्या किती पुढे धरायचा ते अंतर. शिवाय हाक दिल्यावर तबकडी लगेच सुटेल की तीन सेकंदांनी, हे कळत नाही. ट्रॅप या दुसर्‍या प्रकारात तर 15 यंत्रांपैकी आपल्यासमोरच्या तिहींतले कोणते चालेल, हेही ठाऊक नसते. आकडेमोडीला सवड कुठली? बंदूक तबकडीसोबत फिरवत तिच्या पुढे न्यायची आणि चाप ओढल्यावरही फिरवत राहायची. हात थबकला की छर्रे मागे पडलेच. हे दंडाच्या ताकदीचे काम वाटेल. पण 1992 साली बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये चीनच्या झांग शान या महिलेने पुरुषांसह खेळवलेल्या स्कीटमध्ये सुवर्ण जिंकले, तेही अंतिम फेरीआधीच्या 200 पैकी 200 तबकड्या फोडून. एका निकालावरून सिद्धान्त मांडू नये, तरी दंडाच्या ताकदीचा मुद्दा इथे फारसा टिकत नाही. पुढच्या ऑलिंपिकची स्कीट मात्र फक्त पुरुषांसाठी राहिली!

छर्रे सहसा शिशाचे असतात, त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. मैदानात साचणारे छर्रे माती दूषित करतात, पक्षी ते खडे समजून गिळतात. पोलाद हा त्यावरचा एक पर्याय. पण पोलाद शिशापेक्षा हलके असल्याने त्याच मापाच्या छर्‍यांचा वेग हवेत लवकर मंदावतो. लांबच्या तबकडीसाठी मग हाताला मुरलेला पुढावा नव्याने बसवावा लागतो.