दोन हातांची धार

१४ एप्रिलला आपल्या वस्त्यांत जयंतीची धामधूम असते. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. ते पगारी जवान होते. परंतु अमेरिकेत आग विझवायला धावणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माणसे स्वयंसेवक असतात, हे वाचून वाचकांना नवल वाटेल.

कुणी शेतकरी, कुणी मोटार मेकॅनिक, कुणी शाळामास्तर. भोंगा किंवा पेजर वाजला की हातातले काम टाकून बंबाकडे धावायचे. ही प्रथा जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ साली फिलाडेल्फियात असे दल उभे केले, तेव्हा सभासद कातडी बादल्या घेऊन येत.

आज अडचण माणसांची आहे. १९८४ साली तिथे सुमारे ८ लाख ९७ हजार स्वयंसेवक होते. २०२० साली ते ६ लाख ७६ हजारांवर आले. गावातली माणसे दूर शहरात नोकरीला जातात. भर दुपारी आग लागली तर बंबावर तीन-चार जणच चढतात. म्हणून पाइपाच्या टोकाला बसवायच्या नोझलचा विचार तिथे इतक्या बारकाईने होतो.

पाणी जोराने पुढे जाते तेव्हा पाइप तितक्याच जोराने मागे रेटतो. हिशोब पाहा. मिनिटाला सुमारे ५७० लिटर पाणी फेकणारे फवाऱ्याचे नोझल दर चौरस इंचाला १०० पौंड दाबावर चालवले, तर धरणाऱ्यावर सुमारे ३४ किलोचा रेटा येतो. तेवढेच पाणी ५० पौंड दाबावर फेकणारे नवे नोझल लावले, तर रेटा २४ किलोवर उतरतो. दहा किलोचा फरक कागदावर किरकोळ वाटेल. पण पाठीवर हवेची टाकी, गुडघ्यांवर रांगत, धुरात काही दिसत नाही, अशा वेळी याच फरकामुळे तिघांचे काम दोघांना झेपते.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. दाब कमी म्हणून पाइप मऊ राहतो, दाराच्या कोपऱ्यावर मुरडतो आणि पाणी तुंबते. मग वाचलेला तिसरा माणूस त्या कोपऱ्यावर पाइप सरळ करायला उभा करावा लागतो!

इंडियाना राज्यातील क्लाइड मॅकमिलन यांनी १९७१ साली स्वयंचलित नोझल बनवणारा कारखाना काढला. त्या नोझलच्या आत स्प्रिंग असते. पाणी कमी-जास्त झाले तर तोंड आपोआप लहान-मोठे होते आणि धार चांगली राहते. युक्ती छान आहे, पण तिच्यात एक खोट आहे. पाणी अपुरे असले तरी धार झकास दिसते. आम्हा कारकुनांना असे ताळेबंद ओळखीचे आहेत.

म्हणून नवे नोझल आले की सराव आला. दांडा मागे ओढला की पाणी सुरू, पुढे ढकलला की बंद. मागून पाहता तोंड उजवीकडे फिरवले की सरळ धार, डावीकडे फिरवले की फवारा. इथे चूक परवडत नाही. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा व्यापते. कोंडलेल्या खोलीत नको तेव्हा फवारा उघडला तर ती वाफ आपल्याच माणसांना भाजते. आमच्या कचेरीत भिंतीवर लाल सिलिंडर टांगलेला आहे. त्याची पिन कशी काढायची हे विचारले तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत राहिलो.

तिथले स्वयंसेवक दिवसभराची नोकरी करून संध्याकाळी सरावाला जमतात. अनेक गावांत सामानाचे पैसे नाश्त्याचे कार्यक्रम आणि जेवणावळी करून उभे केले जातात. घरच्या बायाबापड्या चुलीपाशी राबतात. एका चांगल्या नोझलला काही शे डॉलर पडतात. ते आले की मुखवट्याची काच झाकून, हातात जाड मोजे घालून, नुसत्या स्पर्शाने उजवे-डावे ओळखण्याचा सराव सुरू होतो.