क्रमांक नसलेल्या वाटा

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलवर भटकलेल्यांची प्रवासवर्णनं मी गेली अनेक वर्षं अधाशासारखी वाचतो आहे. ग्रॅव्हल बाइक आल्यापासून त्यांचा पूरच लोटला. रेसिंग सायकलसारखं वाकडं हँडल, चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर आणि चढाला पुरतील असे हलके गिअर. अशी सायकल घेऊन माणसं मॉर्व्हाँच्या जंगलांतून, ओव्हेर्न्यच्या पठारांवरून, ब्रिटनीच्या कुंपणझाडीतून दिवसच्या दिवस जातात आणि मोटार क्वचितच दिसली असं लिहितात. इतकी यांत्रिक शेती करणाऱ्या देशात खडी-मातीच्या एवढ्या मोकळ्या वाटा शिल्लक राहिल्याच कशा, हे मात्र या वर्णनांत सापडत नाही. मी त्याच प्रश्नामागे लागलो.

गाजलेल्या मार्गांचं उत्तर सोपं आहे. १८७९च्या फ्रेसिने योजनेनं लहानसहान गावांपर्यंत रेल्वे नेली, मोटारी आल्यावर त्यातले असंख्य फाटे बंद पडले, आणि रूळ उखडलेल्या पट्ट्या सायकलींना मिळाल्या. जिव्री ते क्ल्युनी हा असा पहिला हरित मार्ग १९९७ साली खुला झाला. त्यावर डांबर आहे. माझामे ते बेदार्यू हा ‘पासा पाईस’ मार्ग मात्र दाबलेल्या खडीचा. कालव्यांकाठी बोटी ओढणाऱ्या घोड्यांच्या वाटा आहेत, त्यांची छायाचित्रं सर्वांनी पाहिलेली असतात.

त्यातल्या एका वाटेपाशी थोडं थांबायला हवं. कनाल द्यु मिदीची कीर्ती मोठी, पण त्याला पाणी पुरवणारा ‘रिगोल द ला प्लेन’ हा अरुंद पाट फारसा कुणाला ठाऊक नसतो. पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा मक्तेदार. १६६६मध्ये राजाज्ञा मिळवून त्याने कालव्याचं काम काढलं आणि १६८१मध्ये कालवा सुरू होण्याच्या काही महिने आधी तो वारला. काळ्या डोंगरातलं पाणी नोरूझच्या खिंडीत, म्हणजे अटलांटिक आणि भूमध्य समुद्र यांच्या पाणलोटांच्या सीमेवर आणून सोडायचं, ही त्याची खरी प्रतिभा. पाणी उतारानेच न्यायचं असल्यामुळे पाट टेकड्यांच्या कडेकडेने वळणं घेत जातो. त्याच्या काठच्या वाटेवर सायकलस्वाराला चढ जवळजवळ लागतच नाही. मला स्वतःला मुख्य कालव्यापेक्षा हा पाट अधिक मोलाचा वाटतो.

पण हे सगळं मिळूनही हिशेब लागत नाही. हरित मार्ग आणि कालवे म्हणजे काही ठळक रेघा. ग्रॅव्हलवाल्यांच्या मार्गातला मोठा भाग त्यांच्या बाहेरच असतो. तो जातो ‘शमँ रुराल’वरून. आपल्या पाणंदीशी नातं सांगणाऱ्या या ग्रामवाटा देशभर मिळून सुमारे साडेसात लाख किलोमीटर असाव्यात, असा अंदाज सांगितला जातो.

एके काळी वेगळ्या ‘खडीच्या वाटा’ नव्हत्याच, कारण सगळेच रस्ते खडीचे होते. सेंतेत्येनचा पॉल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसिओ, तेव्हा आपल्या ‘ल सिक्लिस्त’ मासिकातून रुंद टायर आणि बदलते गिअर यांचा हट्टाने पुरस्कार करत होता. ‘तूर द फ्रान्स’ सुरू करणाऱ्या आँरी देग्राँजला ते पटलं नाही. त्याच्या शर्यतीत डिरेलर गिअरना १९३७पर्यंत मज्जाव होता. आजची ग्रॅव्हल बाइक पाहिली की त्या वादाचा निकाल कुणाच्या बाजूने लागला हे वेगळं सांगावं लागत नाही. व्हेलोसिओ १९३० साली वारला. त्यानंतरच्या दशकांत गावरस्त्यांवर डांबर पसरत गेलं. मग या वाटा त्यातून सुटल्या कशा?

उत्तर कायद्यात आहे. २० ऑगस्ट १८८१च्या कायद्याने ग्रामवाटांना पहिल्यांदा नीट ओळख दिली: मालकी कम्यूनची, म्हणजे गावाची, आणि वापर सर्वांचा. ७ जानेवारी १९५९च्या अध्यादेशाने गावाच्या रस्त्यांचे दोन वर्ग केले. महत्त्वाचे रस्ते सार्वजनिक मालमत्तेत गेले. त्यांची देखभाल गावाला बंधनकारक झाली आणि कितीही वर्षांच्या कब्जाने ते कुणाच्या घशात जाऊ शकत नाहीत. उरलेल्या वाटा गावाच्या खासगी मालमत्तेत राहिल्या. त्यांच्या देखभालीची सक्ती गावावर नाही. सक्ती नाही म्हणून खर्च नाही, खर्च नाही म्हणून डांबर नाही, आणि डांबर नाही म्हणून मोटारी फिरकत नाहीत. कायद्याने या वाटांवर मोटारीला सरसकट बंदी आहे असं नाही. मेयरने हुकूम काढला तरच ती येते, आणि ट्रॅक्टर तर हक्कानेच जातो.

या हेळसांडीची दुसरी बाजू भीषण आहे. खासगी मालमत्ता असल्यामुळे शेजारच्या शेतकऱ्याने वाट नांगरली आणि तीस वर्षं बिनतक्रार कसली, तर वहिवाटीने ती त्याची होऊ शकते. जी तरतूद वाटेला डांबरापासून वाचवते, तीच तिला नांगराखाली ढकलते. या संशोधनात मला याहून महत्त्वाचं काही सापडलं नाही.

महायुद्धानंतर सरकारने जमीन एकत्रीकरणाची मोहीम जोरात राबवली. तुकडे जोडून ट्रॅक्टरला सोयीची मोठी शेतं करायची होती. त्यात कुंपणझाडी गेली, बांध गेले, ब्रिटनीतल्या दोन बांधांमधल्या खोल सावलीच्या वाटा गेल्या. धान्य वाढलं हे खरं. पण गावांना जोडणारं शतकांचं विणकाम उसवलं गेलं, आणि त्याची किंमत कुणी नीट मोजली नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

हरवलेल्या वाटांचा माग काढायचा तर नेपोलियनच्या काळात सुरू झालेल्या मोजणीचे नकाशे पाहावेत. १५ सप्टेंबर १८०७च्या कायद्याने ही मोजणी हाती घेतली गेली आणि १८५०च्या सुमारास बहुतेक देश मोजून झाला. आज जिल्हा दप्तरखान्यांच्या संकेतस्थळांवर यातले बहुतेक नकाशे घरबसल्या पाहता येतात. गुलाबी रंगातली घरं, निळे ओढे, आणि शेताच्या एकेका तुकड्याला क्रमांक. कारण मोजणी करआकारणीसाठी होती. वाटेवर कर नाही, म्हणून वाटेला क्रमांकही नाही. क्रमांकांच्या गर्दीतून कोऱ्या पट्ट्या वळत जातात आणि त्यांच्या कडेने लिहिलेलं असतं, अमुक गावाहून तमुक गावाकडे. आजच्या नकाशावरही हा नियम बऱ्याच अंशी टिकून आहे. क्रमांक नसणं हा मालकीचा पुरावा नव्हे, पण भक्कम खूण आहे. इकडे स्थळदर्शक नकाशावर तुटक रेघेने दाखवलेली वाट शेतमालकांची सामाईक खासगी वाटही असू शकते, आणि ती ते बंद करू शकतात. मार्ग आखणाऱ्याने म्हणून दोन्ही नकाशे शेजारी ठेवावेत.

राजकारण्यांना जाग उशिरा आली. १९८३च्या कायद्याने जिल्ह्यांना पदभ्रमण मार्गांची यादी करायला सांगितलं. यादीतली वाट विकायची तर मार्ग अखंड राहील अशी पर्यायी वाट द्यावीच लागते, नाहीतर विक्रीच रद्द. पण यादीबाहेरच्या वाटांचं काय? २०१५मध्ये सिनेटर आँरी ताँदोने यांचं ग्रामवाटांच्या संरक्षणाचं विधेयक सिनेटने मंजूर केलं. त्यातल्या तरतुदी पुढे जैवविविधतेच्या कायद्यात घातल्या गेल्या, आणि २०१६च्या ऑगस्टमध्ये घटना परिषदेने कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर त्या रद्द केल्या. वाटा वाईट आहेत असं कुणीच म्हटलं नव्हतं. अखेर २१ फेब्रुवारी २०२२च्या कायद्याने कम्यूनला आपल्या वाटांची गणना करण्याचा अधिकार दिला. ग्रामपरिषदेने ठराव केला की गणना पूर्ण होईपर्यंत, जास्तीत जास्त दोन वर्षं, वहिवाटीचं घड्याळ थांबतं. गणना ऐच्छिक आहे. ती सक्तीची हवी होती.

सायकलस्वार इथे केवळ पाहुणा नाही. फ्रेंच ग्रामसंहितेनुसार लोक वाटेने जातात एवढ्यावरून ती सार्वजनिक वापराची आहे असं गृहीत धरलं जातं, आणि लोकांचा वापर थांबल्याशिवाय, जाहीर चौकशी झाल्याशिवाय गावाला ती विकता येत नाही. तेव्हा तिकडे जाणार असाल तर गाजलेले हरित मार्ग जरूर करा, पण एखादा दिवस दोन खेड्यांमधल्या, फारशा न गाजलेल्या ग्रामवाटेला द्या. फाटक उघडलंत तर पुन्हा लावून घ्या, पेरलेल्या शेतात चाक घालू नका. आणि वाट काटेरी तारेने बंद केलेली आढळली तर त्या गावच्या मेयरला लिहून कळवा, कारण तिचं रक्षण ही त्याच्यावर कायद्याने टाकलेली जबाबदारी आहे.