ऑर्गन आणि गुडघ्याची दांडी

पायाने चालणाऱ्या ऑर्गनच्या पट्ट्यांखाली, वादकाच्या दोन्ही गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूंना, दोन दांड्या लोंबत असतात. उजवी दांडी गुडघ्याने बाहेर रेटली की आवाज मोठा होतो. डावी रेटली की वाद्यातले सगळे सूरसंच एकदम बोलू लागतात. गुडघा सैल सोडला की स्प्रिंग दांडीला परत जागेवर आणते. मराठी संगीत रंगभूमीच्या भरभराटीच्या काळात गायक-नटाच्या गाण्यामागे ऑर्गनचा जो फुगणारा आणि ओसरणारा भरणा असे, त्यात वादकाच्या बोटांइतकाच त्याच्या गुडघ्यांचा वाटा होता.

गुडघ्याला हे काम का द्यावे लागले, ते वाद्याच्या पोटात पाहिले की कळते. हातपेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो आणि ती रीडमधून निघते. अमेरिकी पद्धतीच्या ऑर्गनमध्ये नेमके उलटे घडते. दोन पायटे आळीपाळीने दाबले की भाते आतली हवा ओढून बाहेर टाकतात. आत पोकळी तयार होते आणि पट्टी दाबताच बाहेरची हवा रीडमधून आत खेचली जाते. मधला साठ्याचा भाता हा ओढा एकसारखा ठेवतो, त्यामुळे पाय जरा पुढेमागे झाले तरी सूर हलत नाही. याच गुणामुळे एक अडचणही उभी राहते: पाय जोरात मारून आवाज फारसा वाढत नाही. हातपेटीवाला भात्यावरच्या डाव्या हाताने नाद लहानमोठा करतो. ऑर्गनवाल्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर आणि दोन्ही पाय पायट्यांवर गुंतलेले असतात. बैठकीतला मोकळा राहिलेला अवयव म्हणजे गुडघा. म्हणून रीडच्या कप्प्यांवर झडपा बसवल्या गेल्या आणि त्यांची सूत्रे उजव्या गुडघ्याकडे आली. झडप जितकी उघडेल तितका नाद मोकळा होतो. या सोयीला वादक ‘स्वेल’ किंवा ‘नी-स्वेल’ म्हणतात.

खरी कारागिरी दांडीच्या जागेत आहे. वादक पायटे मारत असताना त्याची मांडी सतत वरखाली होत असते, तेव्हा स्थिर गुडघा गृहीत धरून दांडी बसवता येत नाही. तिची खालची फळी उभी आणि पुरेशी लांब असावी लागते, म्हणजे गुडघा वर असो की खाली, त्याची बाजू फळीला टेकलेलीच राहते. फळी आखूड असेल तर ऐन जागेवर गुडघा तिच्याखालून निसटतो आणि झडप फटकन मिटते. ती गुडघ्याच्या फार जवळ आली तर प्रत्येक पायट्यागणिक नकळत धक्का बसतो आणि सूर उचक्या दिल्यासारखा येतो. फार लांब गेली तर तिथपर्यंत पोचताना पाऊल तिरपे होऊन पायट्यावरून सरकते. रेटा बाहेरच्या दिशेने ठेवण्यामागेही विचार आहे. दोन पाय जवळजवळ असलेल्या पायट्यांवर टेकलेले असताना गुडघे आत आणायला जागाच कमी उरते. बाहेर रेटताना मात्र टाच जागची हलत नाही.

डाव्या दांडीचे काम वेगळे आहे. ऑर्गनला समोर ओढायच्या खुंट्या असतात. एकेक खुंटी ओढली की रीडचा एकेक संच किंवा सप्तकाची जोड सुरू होते. गाणे चालू असताना पट्ट्यांवरचा हात काढून खुंटी ओढायची म्हणजे सूर तुटणार. डाव्या गुडघ्याची दांडी सगळे संच एका रेट्यात उघडते आणि सोडताच खुंट्यांची मूळची मांडणी परत येते. ही दांडी क्वचित वापरायची, म्हणून तिची स्प्रिंग थोडी कडक चालते. उजवी मात्र सतत फिरणार, म्हणून ती हलकी हवी आणि तिची चाल शेवटपर्यंत एकसारखी हवी. ज्या लहान ऑर्गनला एकच दांडी असते, तिथे ती उजव्या बाजूची आणि स्वेलची असते. दोहोंतली कोणती जास्त गरजेची, हे कारखानदारांनी त्यातूनच सांगितले आहे.

युरोपात वाट थोडी वेगळी झाली. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी 1840च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हार्मोनियम’ या नावाने वाद्याचे पेटंट घेतले. त्यात हवा ढकलली जाई, आणि साठ्याचा भाता बाजूला काढणारी खुंटी ओढली की पायाचा दाब थेट सुरावर उमटे. पॅरिसचेच व्हिक्टर म्युस्तेल यांनी पुढे खर्जाच्या आणि तारेच्या बाजूंची हवा दोन गुडघ्यांकडे वेगवेगळी सोपवली. डावा हात दबून राहावा आणि उजवा उठून दिसावा, ही इच्छा त्यामागे होती. अमेरिकेतल्या एस्टी, मेसन अँड हॅम्लिन अशा कंपन्यांनी हवा ओढणारा, घरात आणि प्रार्थनामंदिरात मावणारा ऑर्गन मोठ्या संख्येने बनवला. एकट्या एस्टीने पाच लाखांहून अधिक वाद्ये बांधली.

मराठी रंगभूमीला हे वाद्य मानवले, त्याला कारण होते. ध्वनिक्षेपकाशिवायच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा अखंड सूर हवा होता. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले आणि पदांनी नाटक चालू लागले. 1911 च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. 1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी ख्यालाच्या अंगाचा विस्तार नाट्यपदात आणला. पद लांबू लागले, वन्समोर होऊ लागले, आणि साथीची परीक्षाही वाढली. पुढे या मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे अशी साथ जमली.

या मांडणीत ऑर्गनची जागा अवघड होती. सारंगी मींड घेऊ शकते, ऑर्गनला ती साधत नाही. त्याचे सूर ठरलेले आणि सुटेसुटे असतात. मग गायकाने सूर लावून तो हळूहळू फुलवला की ऑर्गनने काय करायचे? तिथे बोटांपाशी उत्तर नसते. पट्टी तीच दाबून ठेवायची, उजवा गुडघा सावकाश बाहेर न्यायचा, आणि गायक समेकडे वळला की तितकाच सावकाश आत आणायचा. गायकाच्या श्वासाशी वादकाचे नाते असे गुडघ्यातून जुळते. पुढच्या पिढीत गोविंदराव पटवर्धन हार्मोनियम आणि ऑर्गन या दोन्हींवर नाट्यसंगीताची साथ करण्यासाठी ओळखले गेले. नुसते भरभर वाजणारे हात कितीही तयार असले, तरी हा फुलवण्याचा गुण नसेल तर ऑर्गनची साथ कोरडीच राहते.

हातपेटीचा संसार याहून निराळा. बीड जिल्ह्यात नारायणगडाच्या नारळी सप्ताहात किंवा गावोगावच्या हरिनाम सप्ताहात पेटीवाला जमिनीवर मांडी घालून बसतो. पेटी त्याच्यासमोर सतरंजीवर असते. एक हात भात्याला, एक हात पट्ट्यांना. गुडघा मांडीखाली दुमडलेला, त्याच्याकडून काम घेण्याचा प्रश्नच येत नाही. ही बैठक टाळ-मृदंगाच्या फडाला साजेशी आहे, आणि पेटी उचलून पुढच्या गावाला नेता येते. ऑर्गनला स्टूल लागते, जागा लागते, उचलायला माणसे लागतात. 1875 च्या सुमारास कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हातपेटी बनवली, तेव्हा भाता मागे आला, पाय सुटले आणि गुडघ्याच्या दांडीची गरजही गेली. त्या बदल्यात वादकाचा एक हात भात्यात अडकला. हा सौदा भजन-कीर्तनाला परवडला. नाटकाला मात्र दोन्ही हात मोकळे हवे होते.

गुडघ्याच्या दांडीचा याहून पुढचा विचार अमेरिकेतल्या पेडल स्टील गिटारवर झाला. तिथे गुडघा आवाज वाढवत नाही, तारेचा सूरच बदलतो. ई-नाइन जुळणीत चौथी आणि आठवी तार ई सुराची. एका दांडीने त्या अर्ध्या सुराने चढतात, दुसरीने तितक्याच उतरतात. डाव्या गुडघ्याला डावीकडे, उजवीकडे आणि वर अशा तीन दिशा मिळतात, उजव्याला दोन. उजवे पाऊल आवाजाच्या पेडलवर असल्याने त्या गुडघ्याला मोकळीक कमी. कोणती दांडी कुठे हे पेडलच्या क्रमावर ठरते: स्टील गिटारवादक बडी एमन्स यांच्या मांडणीत सूर चढवणारी दांडी डाव्या गुडघ्याच्या डावीकडे असते, कारण तिच्याबरोबर दाबायचा पेडलही डाव्या टोकाला असतो. दुसरे वादक जिमी डे यांच्या मांडणीत पेडलचा क्रम उलटा, म्हणून दांडीही बहुधा उजवीकडे. एकत्र वापरायच्या दोन हालचाली पायाने एकाच कलात करता याव्यात, हा नियम ऑर्गनच्या कारखानदारांनाही उमगलेला होता. फरक इतकाच की स्टील गिटारची दांडी वादकाच्या मापाने सरकवता येते, ऑर्गनची कारखान्यात ठरते.

म्हणून ऑर्गनवर माप जुळवायचे ते स्टुलाच्या उंचीने. पायटे मारताना मांडी जवळजवळ आडवी राहील आणि गुडघ्याची बाजू फळीच्या मध्यावर येईल, इतके स्टूल वरखाली करावे. आवाज वाढत नसेल तर दोष बहुतेक वेळा रीडचा नसतो. दांडीपासून झडपेपर्यंतची तार सुटलेली असते, झडपेखालचे नमद्याचे अस्तर कसरीने खाल्लेले असते किंवा स्प्रिंग थकलेली असते. ही कामे साध्या हत्यारांनी होतात. पायटे काढून विजेचा पंखा बसवणे एकवेळ चालेल, कारण हवा कुठूनही आली तरी सूर तोच असतो. पण अडथळा होतो म्हणून गुडघ्याच्या दांड्या कापून टाकलेला ऑर्गन एकाच पातळीवर बोलत राहतो, आणि नाट्यपदाच्या साथीला तो उपयोगी नाही. ज्यांच्या घरी, शाळेत किंवा नाट्यगृहात असा जुना ऑर्गन पडून आहे, त्यांनी दुरुस्तीला देताना पट्ट्यांखालच्या दोन्ही दांड्या, त्यांच्या तारा आणि झडपा आधी तपासून घ्याव्यात.