जुन्या मालमोटारीचें रंगकाम

रंग फवारण्याचा डबा अमेरिकेंतील एडवर्ड सेमूर यांनीं इ. स. १९४९ मध्यें तयार केला. अशा डब्यांनीं जुनी पिकअप मोटार घरच्या घरीं थोड्या खर्चांत रंगवितां येते; परंतु रंग गंजास झांकतो, नाहींसा करीत नाहीं, हें आम्हांस प्रथम सांगावयाचें आहे. झांकलेला गंज आंतून पत्रा खातच राहतो. मग रंगास फोड येऊन त्याचे पापुद्रे निघतात.

म्हणून गंज तारेच्या ब्रशानें व पॉलिश कागदानें पत्रा उजळेपर्यंत घासावा. उरलेला जुना रंग बारीक कागदानें खरबरीत करावा, तेलकटपणा पुसावा, कांचा व दिवे झांकावे आणि उघड्या पत्र्यावर प्राइमर द्यावा. डबा मिनिटभर हलवावा, म्हणजे आंतील गोळी तळचा रंग ढवळते. तो वीतभर अंतरावर धरून, हात सतत चालता ठेवून, रंगाचे तीन पातळ थर द्यावे. जाड थर ओघळतो.

हा फवारा ज्वालाग्राही असून फुप्फुसांस अपायकारक आहे. यास्तव विद्यार्थ्यांनीं हें काम वडील माणसांच्या देखरेखीखालीं, उघड्यावर, विस्तवापासून दूर व योग्य मास्क लावूनच करावें.

लोकांस रंग दिसेल. गाडीचें आयुष्य मात्र त्याखालच्या न दिसणाऱ्या मेहनतीनें वाढेल.